विश्लेषण : दुधाचे फॅट मोजणाऱ्या चिपची परीक्षा संकलन केंद्रावर का हवी?

काष्टीच्या (ता. श्रीगोंदा) जनावरांच्या आठवडे बाजारात शेतकरी गाय घेताना दात पाहतो, कास चाचपतो, चार पावले चालवून बघतो. तीच गाय दावणीला बांधली, की तिच्या दुधाचे मोल मात्र संकलन केंद्रावरचे यंत्र ठरवते. राज्यात गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हे प्रमाण धरून ठरतो. पॉइंट खाली घसरला की दर कापला जातो. त्यामुळे यंत्रातल्या चिपचे डिझाइन हा केवळ अभियंत्यांचा विषय उरत नाही.

यंत्र नेमके काय करते?

अनेक केंद्रांवर अल्ट्रासोनिक यंत्रे असतात. नमुन्यातून कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी सोडल्या जातात. फॅट, इतर घनपदार्थ आणि तापमान यांनुसार लहरीचा वेग बदलतो. हा संकेत आकड्यांत आणून, त्यातला गोंगाट गाळून उत्तर काढायचे काम आत बसवलेला डिजिटल सिग्नल प्रोसेसर किंवा त्याच्यासारखे गणित करणारा मायक्रोकंट्रोलर करतो. स्वस्त चिपमध्ये अपूर्णांक मोजक्याच बिटांत कोंबावे लागतात. परिणामी संगणकावर चोख आलेले सूत्र चिपवर थोडे सरकते. दुधात हवेचे बुडबुडे असले किंवा व्होल्टेज वर-खाली झाले, तर आणखी सरकते.

घोडे कुठे अडते?

क्रमात. आधी स्वच्छ संकेतांवर सूत्र तयार होते, मग चिप निवडली जाते, मग बोर्ड, मग सॉफ्टवेअर आणि केंद्रावरची चाचणी सर्वांत शेवटी. तोवर चिपची मेमरी संपलेली आणि बोर्ड छापून झालेला असतो. मग उरते ती ठिगळबाजी. हा क्रम उलटा हवा. आधी केंद्रांवर जाऊन सकाळ-संध्याकाळचे खरे संकेत नोंदवावेत. तीच नोंद संगणकावरच्या मॉडेलला, कमी बिटांच्या आवृत्तीला आणि प्रत्यक्ष बोर्डाला द्यावी आणि तिन्ही उत्तरे ताडून पाहावीत. चिप त्यानंतर निवडावी.

खोडदचा धडा

जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. आसपासच्या वीजवाहिन्यांवरील ठिणग्यांचा गोंगाट तिच्या संकेतात मिसळतो. तो ओळखण्यासाठी सरासरीचा उपयोग नाही, कारण मोठी ठिणगी सरासरीलाच वर ओढते. म्हणून तिथल्या अभियंत्यांनी मध्यकावर आधारलेली गाळणी वापरली. ती बसवली एफपीजीएवर, म्हणजे बसवल्यानंतरही अंतर्गत रचना बदलता येते अशा चिपवर. दुर्बिणीची बँडविड्थ 32 वरून 400 मेगाहर्ट्झपर्यंत नेतानाही हीच लवचीकता कामी आली.

दूधयंत्राला एफपीजीएचा खर्च कदाचित झेपणार नाही. पण गोंगाट जिथे आहे तिथे जाऊन तो आधी समजून घेण्याला वेगळी चिप लागत नाही. दूध संघांकडे इथे खरेदीदाराचा अधिकार आहे. निविदेत अचूकतेचा आकडा मागितला जातो. तो कुणाच्या दुधावर, कोणत्या तापमानाला आणि कसल्या वीजपुरवठ्यावर काढला, हेही त्याच कागदावर लेखी मागता येईल.