सोय आणि सक्ती

रावेतमध्ये आज चहाच्या टपरीवरही 'यूपीआय'ची पाटी दिसते. २०१६ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेने सुट्ट्या पैशांची विवंचना पुष्कळ कमी केली, हे निर्विवाद आहे. परंतु चाकणच्या कारखान्यांत कामानिमित्त येणाऱ्या परदेशी तंत्रज्ञाचे येथील बँकेत खाते नसते; त्याच्या दृष्टीने ती पाटी म्हणजे बंद दरवाजाच होय. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये जी-२० देशांच्या प्रवाशांसाठी निवडक विमानतळांवर हा दरवाजा किलकिला केला. चीनमध्येही परक्या प्रवाशाची हीच कुचंबणा होत होती. तेथील मोबाइल पेमेंट कंपन्यांनी २०२३ मध्ये परदेशी कार्डे अधिक मोकळेपणाने स्वीकारली. २०२४ मध्ये एका व्यवहाराची मर्यादा १ हजारावरून ५ हजार डॉलरवर गेली. शिवाय रोकड नाकारणाऱ्यांना मध्यवर्ती बँकेने दंडही केला. यातील दुसरा उपाय अधिक मोलाचा आहे. नोट हे आपल्याकडेही कायदेशीर चलन आहे. ती नाकारली जाऊ लागली, तर सोयीची सक्ती होईल. पाहुणा ही अडचण पंधरा दिवस सोसून मायदेशी परतेल. स्मार्टफोन नसलेल्या घरच्या वृद्धाने आणि मोलकरणीने मात्र कोठे जावे?