ड्रेसिंगच्या वेळची वेदना

भाजलेला रुग्ण सर्वांत जास्त धास्तावतो तो ड्रेसिंगला. ठणका दिवसभर असतोच. पण चिकटलेली गॉज सोडवताना, मृत त्वचा काढताना उठणारी कळ मॉर्फिन देऊनही पुरती आटोक्यात येत नाही. आणि हे रोज किंवा दिवसाआड, कित्येक आठवडे. ‘थोडं सोसा मावशी, झालंच आता,’ म्हणत आपला हात चालू राहतो.

सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात नेमकी हीच वेळ हेरली. त्यातून घडलेल्या ‘स्नोवर्ल्ड’ या व्हीआर (आभासी वास्तव) खेळात हेडसेट लावलेला रुग्ण बर्फाळ दरीतून सावकाश पुढे सरकतो आणि हिममानवांवर, पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो. वेग मुद्दाम कमी ठेवला आहे, कारण मळमळ झाली तर सगळेच मुसळ केरात. यामागचा विचार साधा आहे. वेदना जाणवायलाही लक्ष लागते, आणि ते दुसरीकडे गुंतले की वेदनेच्या वाट्याला कमी येते. २००४ साली निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला चटका देत मेंदूचे एफएमआरआय काढले, तेव्हा वेदनेशी संबंधित पाचही भागांतली हालचाल व्हीआरमध्ये मंदावलेली दिसली. म्हणजे ‘कमी दुखले’ हे रुग्णाचे नुसते मन राखण्यापुरते बोलणे नव्हे.

जुनाट कंबरदुखीची गोष्ट वेगळी. तिथे श्वासावर ताबा आणि शिथिलीकरण शिकवणाऱ्या आठ आठवड्यांच्या घरगुती व्हीआर उपचाराला अमेरिकेच्या एफडीएने २०२१मध्ये परवानगी दिली.

मला काळजी वाटते ती आपल्याकडची. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने मॉर्फिन वॉर्डात दुर्मीळ झाले. २०१४च्या दुरुस्तीने परवान्यांची कटकट कमी केली, तरी हात आखडता घेण्याची सवय मोडलेली नाही. अशा वॉर्डात हेडसेट आला आणि इंजेक्शन वगळायला निमित्त मिळाले, तर तो रुग्णावर अन्याय होईल. सिएटलमध्येही व्हीआर औषधाच्या जोडीने वापरले गेले, औषधाऐवजी नव्हे.

वापरायचे ठरवलेत तर औषधाचा अंमल चढू द्या, हेडसेट आधी लावा, रुग्ण खेळात रमला की मगच गॉजला हात घाला. चेहरा भाजलेल्यांना पट्ट्याचा हेडसेट लावू नका. फिट येणाऱ्यांना, उलट्या होत असलेल्यांनाही नको. चेहऱ्याला टेकणारा भाग प्रत्येक रुग्णानंतर बदलता किंवा निर्जंतुक करता आलाच पाहिजे, कारण भाजलेल्यांच्या वॉर्डात संसर्गाइतका मोठा शत्रू नाही. एका सिस्टरचे लक्ष फक्त रुग्णाकडे असावे; त्याने ‘थांबा’ म्हटले की थांबायचे.

ड्रेसिंग संपताच तीन प्रश्न विचारा: सर्वांत जास्त दुखले ते किती, किती असह्य वाटले, आणि किती वेळ मनात दुखण्याचाच विचार होता. शून्य ते दहा, केसपेपरवर, हेडसेट असो वा नसो. ज्या वॉर्डांत अशा नोंदी होतील, त्यांनी रुग्णांची ओळख वगळून त्या आमच्याकडे जरूर पाठवाव्यात. वेदना कमी झाली नसेल, त्याही.