शंभरातले अडीच पैसे



माझं गाव कराड, पोट गोदीत. ओझी उचलतो. पगार २०,०००. स्लिपवर एक ओळ ठरलेली: व्यवसाय कर. अकरा महिने २००, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००.

हे कापतात त्याबद्दल माझी तक्रार नाय. १९७५ साली हा कर बसला तो रोजगार हमीसाठी. योजना सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पाग्यांची. शहरातल्या पगारदारानं भरायचं, गावातल्या रिकाम्या हाताला काम मिळायचं. बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी खडी फोडत होती. तिच्या हातावरचे घट्टे मी बघितलेत. तशा हातांसाठी माझे २,५०० गेले तर खुशाल जाऊ देत.

पण वर्षाला कोटी कमावणाराही २,५००च भरतो! माझ्या शंभरातला रुपयाच्या वर जातो, त्याच्या शंभरातले अडीच पैसे. कारण घटनेचं कलम २७६ सांगतं, एका माणसाकडून या करापोटी वर्षाला यापेक्षा जास्त घ्यायचं नाही. आधी ही मर्यादा २५० होती, १९८८ साली २,५०० केली.

तुम्ही म्हणाल, तो आयकर भरतो की. भरतो. पण त्यातही पळवाटा कुणाला? कराडचे यशवंतराव चव्हाण १९७० ते ७४ देशाचे अर्थमंत्री होते. त्या काळात सर्वांत वरच्या टप्प्यावर शंभराला ९७.७५ रुपये कर होता. कागदावर! आणि शेतीच्या उत्पन्नाला केंद्राचा आयकर नाही, तेव्हाही नव्हता. कोरडवाहू शेतकऱ्याला माफ, ते बरोबरच. पण त्याच्या आडून उसाचा बडा बागायतदारही सुटतो. १९७२ साली राज समितीनं मोठ्या शेतीवर कर सुचवला. ती सूचना बासनात गेली.

बाबासाहेबांनी २४ फेब्रुवारी १९२७ ला मुंबईच्या कायदेमंडळात हेच दाखवून दिलं होतं. आयकर ऐपत बघून घेता. मग शेतसारा एकरभरवाल्याला नि जहागीरदाराला एकाच दरानं कसा? शेतसाऱ्याच्या जागी आज व्यवसाय कर घाला. सवाल तोच.

आमची मागणी सरळ आहे. कलम २७६ मधली मर्यादा उठवा. कराचे टप्पे पगाराबरोबर वर चढू द्या. वाढलेला पैसा रोजगार हमीलाच द्या.

गोदीत आम्ही दोघं मिळून ओझं उचलतो, तेव्हा तगडा गडी जड बाजू धरतो. हे कुणी शिकवावं लागत नाय. सरकारच्या ओझ्याला मात्र तगडा नुसता हात लावतो, आणि कंबरडं मोडतं आमचं.