भीती फक्त शब्दाची!

‘प्रोग्रॅमिंग? छे, ते आपलं काम नव्हे!’ असं आपण सहज म्हणून जातो. बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी १९७८ मध्ये अमेरिकेत मल्टिक्स या संगणक प्रणालीसाठी ‘ईमॅक्स’ हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम तयार केला. रिचर्ड स्टॉलमन सांगतात, की ग्रीनबर्ग यांच्या कार्यालयातल्या सेक्रेटरी माहितीपुस्तिका वाचून त्यात आपल्या सोयीचे बदल करू लागल्या. हे ‘प्रोग्रॅमिंग’ आहे, असं पुस्तिकेत म्हटलंच नव्हतं. मग बिचकणार कशाला?

स्टॉलमन यांचा १९८५ चा जीएनयू ईमॅक्स आजही मोफत मिळतो, बदलायची मुभाही देतो. कंट्रोल आणि एच एकत्र दाबा, मग टी. पहिला धडा समोर येईल. स्वयंपाकघरातले डबे आपण हाताशी लावतोच ना? हेही तसंच!