व्यवसायमार्गदर्शनाची थट्टा

दहावीचा निकाल लागला कीं आमच्या शहरांतील सभागृहांस एक निराळाच बहर येतो. दारावर मोठमोठे फलक झळकतात, व्यासपीठावर हारतुऱ्यांची देवघेव होते, आणि तीन-चारशें मुलें व त्यांच्याहून अधिक भेदरलेले त्यांचे आईबाप यांच्यापुढें कोणी एक वक्ते दीड तासांत जगांतील यच्चयावत् व्यवसायांची नामावळी वाचून दाखवितात. शेवटीं एक रंगीत पत्रक हातीं पडतें. तें उलटून पाहावें तों पाठीमागें एखाद्या खासगी क्लासच्या शुल्काचें कोष्टक! या सोहळ्यास 'करिअर मार्गदर्शन' असें भारदस्त नांव आहे. ज्यास माल खपवावयाचा आहे त्यानेंच गिऱ्हाइकाच्या गरजेचें निदान करावें, हा प्रकार औषधाच्या बाबतींत आपण क्षणभरहि चालूं देणार नाहीं. पोटच्या पोरांच्या आयुष्याच्या बाबतींत मात्र आपण त्यास टाळ्या वाजवितों.

पण सारा दोष त्या वक्त्यांच्या माथीं मारून आम्हां शिक्षकांस मोकळें होतां येणार नाहीं. जी जागा आम्हीं रिकामी सोडली तीच त्यांनीं भरली. माझाच अनुभव सांगतों. सुमारें बारा वर्षांपूर्वीं बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्गांतील एक विद्यार्थी मजकडे आला आणि म्हणाला, "सर, परीक्षा झाल्यावर मीं काय करावें?" मुलगा पुस्तकांत बेताचा, पण हाताचा विलक्षण कुशल, प्रयोगशाळेंतील बिघडलेलें उपकरण आमच्या साहाय्यकाच्या आधीं तो दुरुस्त करी. मीं उत्तर दिलें, "एम. एस्सी. कर, नाहीं तर स्पर्धापरीक्षा दे." उपकरणें जुळविणें, त्यांचीं मापें तपासणें, त्यांची निगा राखणें हा एक स्वतंत्र व मानाचा व्यवसाय आहे, आणि माझ्या कॉलेजपासून पांच-सहा मैलांवरच्या कारखान्यांत अशा माणसांची वानवा आहे, हें मला ठाऊकच नव्हतें. ठाऊक नाहीं असें कबूल करण्याची मला लाज वाटली. पुढें त्यानें उमेदीचीं सात वर्षें पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत घालविलीं. मध्यंतरीं तो भेटला तेव्हां तक्रारीचा एक शब्दहि बोलला नाहीं. बोलला असता तर मला अधिक बरें वाटलें असतें.

ज्या वाटेवर मीं त्यास लोटलें तिचें गणित तरी मीं मांडून दाखविलें होतें काय? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस अर्ज करणारांची संख्या दहा लाखांच्या घरांत असते, आणि जागा असतात सुमारें एक हजार. २०२४ सालीं वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एम. बी. बी. एस.च्या जागा देशभर मिळून एक लाखाच्या थोड्या वर होत्या. हें त्रैराशिक प्राथमिक शाळेंतील मुलासहि सुटेल. या परीक्षांस कोणी बसूंच नये असें माझें म्हणणें नाहीं. बसणाऱ्यानें हे आंकडे आणि दुसरी एखादी वाट हीं दोन्हीं खिशांत ठेवून बसावें, एवढेंच माझें म्हणणें आहे. तें मुलास सांगणें हें कोणाचें कर्तव्य? क्लासवाल्याचें तें हित नव्हे. राहतां राहिला शिक्षक, आणि तो मूग गिळून बसला आहे.

हा विचार आज नवा सुचला आहे, असेंहि नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जें निवेदन ठेवलें, त्यांत प्राथमिक शाळेंत हिशेब, शेतकी आणि आरोग्य यांचें ज्ञान द्यावें असा आग्रह होता. बॉस्टन शहरांत फ्रँक पार्सन्स यानें १९०८ सालीं व्यवसायमार्गदर्शनाची कचेरी उघडली. त्याचें सूत्र तीन पायऱ्यांचें होतें. स्वतःस ओळखावें, कामाचें खरें स्वरूप जाणावें, आणि मग दोहोंचा मेळ घालावा. आपल्याकडे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानें शाळांस प्रशिक्षित मार्गदर्शक मिळावेत असें सुचविलें. २०२५ च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें, एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणांत, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेंत पात्र समुपदेशक असावा आणि विद्यार्थ्यांस व पालकांस नियमित व्यवसायमार्गदर्शन मिळावें असे निर्देश दिले. म्हणजे शिफारशींचा तोटा नाहीं. एका मुलीचा जीव गेल्यावर न्यायालयास जें सांगावें लागलें, तें आम्हांस आधीं कां सुचूं नये, एवढाच प्रश्न आहे.

आम्हीं काय केलें? पार्सन्सच्या तीन पायऱ्यांपैकीं पहिलीवरच, आणि तीहि अर्धी, चढून थांबलों. राज्य मंडळानें २०१६ सालीं दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू केली. ती कांहीं वर्षें चालली. चाचणी वाईट नव्हे. पण ज्या मुलानें कारखाना, छापखाना, न्यायालय किंवा रोपवाटिका आंतून कधीं पाहिली नाहीं, त्याला 'तुला काय आवडतें?' असें विचारणें म्हणजे जन्मांत वरणभाताखेरीज कांहीं न खाल्लेल्या माणसापुढें पंचपक्वान्नांची यादी ठेवण्यासारखें आहे. कल हा बहुतांशीं परिचयानें घडतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण घ्या. ते चित्रकार होण्यासाठीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले. रंग ओळखण्यांतील दोषामुळें तो मार्ग खुंटला, तेव्हां ते यांत्रिक रेखनाकडे वळले. पुढें तोच विषय व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकविला, बेळगांवीं सायकलींचें दुकान चालविलें, लोखंडी नांगर घडविला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. एक काम पाहतांना त्यांस दुसरें दिसत गेलें. 'त्यांस कोणता मार्गदर्शक भेटला होता?' असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण असामान्य माणूस आपली वाट आपणच काढतो. शाळा असते ती सामान्य मुलासाठीं.

याहून वजनदार आक्षेप असा कीं, नोकऱ्याच नाहींत, मग मार्गदर्शन करून काय होणार? मार्गदर्शनानें नोकऱ्या निर्माण होत नाहींत, हें मला मान्य आहे. परंतु ज्या घरांत अन्न थोडें, तेथें वाढणाऱ्याचें डोकें अधिक ठिकाणावर लागतें. संधि थोड्या असतां शेंकडों मुलांस एकाच दाराशीं रांगेंत उभें करणें हा शहाणपणा नव्हे. 'सारी माहिती आतां मोबाइलवर मिळते,' हा दुसरा आक्षेप तर उत्तरासहि पात्र नाहीं. माहितीच्या पुरांत गटांगळ्या खाणाऱ्यास आणखी पाणी कशाला?

उपाय खर्चाचा नाहीं; मनाचा आहे. इंग्लंडमध्यें २०१४ सालीं शाळांसाठीं मार्गदर्शनाचे आठ मानदंड सुचविले गेले. त्यांत विद्यार्थ्याची प्रत्यक्ष काम करणारांशीं गांठ पडावी, त्यानें कामाची जागा अनुभवावी आणि त्याच्याशीं एकट्याशीं बोलणें व्हावें, या गोष्टी आहेत. आमच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणांतहि सहावी ते आठवीच्या मुलांनीं दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांजवळ शिकावें असें म्हटलें आहे. हे दहा दिवस सहलीवारीं न जातील तर पुष्कळ साधेल. प्रत्येक शाळेंत एका शिक्षकाचे तास कमी करून हें काम त्यास नेमून द्यावें. आम्हीं कॉलेजवाल्यांनीं मागील विद्यार्थी कोठें गेले याची नोंद ठेवावी. पहिल्या आलेल्यांचीच नव्हे, तर वाट चुकलेल्यांचीहि. आणि खासगी क्लासच्या खर्चानें होणारें एकहि व्याख्यान शाळेच्या आवारांत होऊं देऊं नये.

आतां दोन शब्द सुशिक्षित आईबापांस. हातानें काम करणाऱ्याविषयीं आपल्या दिवाणखान्यांत जी तुच्छता बोलली जाते, ती मुलें जेवतांना ऐकत असतात. वीजजोडणी करणाऱ्यास अदबीनें चहा देणारा आणि आपल्या मुलानें ती विद्या शिकूं नये म्हणून नवस बोलणारा, असा एकच गृहस्थ आपणांपैकीं अनेकांच्या घरीं नांदतो. तो बदलल्याखेरीज कोणत्याहि मार्गदर्शकाचें कांहीं चालणार नाहीं.

येत्या जूनमध्यें शाळा उघडली कीं आपण एवढें करावें. मुख्याध्यापकांस भेटून तीन गोष्टी विचाराव्या: या कामाचा शिक्षक कोण, त्यास आठवड्याचे तास किती, आणि गेल्या पांच वर्षांतील मुलें आज काय करीत आहेत. उत्तर न मिळालें तर पुढच्या महिन्यांत पुन्हा जावें. आणि असेंच एक पालक मजकडेहि आले, तर मला उत्तर देतां आलें पाहिजे. बारा वर्षांपूर्वीं तें मला देतां आलें नव्हतें.