अहवाल चांगला, पण ताप हटत नाही



मातीत फक्त नत्र, स्फुरद, पालाश तपासले, तर जस्ताची उणीव त्या कागदावर दिसत नाही. रक्ताच्या तपासणीचेही तसेच आहे. हिवताप, विषमज्वर सापडला नाही, याचा अर्थ आजारच नाही असा होत नाही.

ताप महिनोन्‌महिने येतो-जातो, रात्री घाम सुटतो, कंबर-सांधे दुखतात. आणि गोठ्यात गाय-म्हैस गाभडली असेल, वार हाताने काढली असेल किंवा कच्चे दूध पिण्यात आले असेल, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा. हा ब्रुसेलोसिस असू शकतो. त्याची रक्ततपासणी वेगळी असते. ती नेहमीच्या तपासणीत नसते. अहवालातल्या १:१६० अशा आकड्याने घाबरू नका. जुन्या संसर्गानेही तो येऊ शकतो. लक्षणांशी ताडून डॉक्टर ठरवतील. औषध साधारण ६ आठवडे चालते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका.

दूध उकळूनच प्या. वार हातमोजे घालून उचला, चुना टाकून खोल पुरा. ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना पशुवैद्यकांकडून लस टोचून घ्या. जनावर निरोगी, तर घर निरोगी!