शिपाईमामा, घंटा आणि हळद

मुलांनो, खो-खो खेळताना पाय मुरगळला की आजी काय करते? हळद-तुरटीचा लेप गरम करते आणि सोसवेल इतपत कोमट झाला की घोट्यावर थापते. "यानं काय होतं गं?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सूज उतरते!" पण सूज मुळात चढते कशी? आणि हळद तिला अडवते ती नेमकी कुठे? चला, आज थेट पेशीतच शिरू या.

सूज ही काही आपली दुश्मन नव्हे बरं का! लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवली आहेत. याला म्हणतात दाह. काटा रुतला की तिथल्या पेशी रासायनिक निरोप धाडतात. निरोप मिळताच जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपतं आणि पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायला धावतात. झिरपलेल्या पाण्यानं जागा फुगते, तीच सूज. काम आटोपलं की सगळे पांगतात. पांगलेच नाहीत तर मात्र पंचाईत! काही प्रकारच्या संधिवातात हेच होतं. लढाई संपतच नाही आणि आपलेच सांधे झिजतात.

हे निरोप तयार करण्याचा हुकूम कोण देतं? प्रत्येक पेशी ही एक शाळा समजा. मधलं केंद्रक म्हणजे हेडमास्तरांची खोली. घंटा तिथेच टांगलेली. व्हरांड्यात एक शिपाईमामा उभे असतात, त्यांचं नाव एनएफ-कप्पा-बी. (नाव अवघड आहे, पाठ करू नका!) १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर या शास्त्रज्ञांनी त्यांना शोधून काढलं. एरवी एक पहारेकरी मामांचा हात घट्ट धरून ठेवतो. धोक्याची खबर आली की पेशी त्या पहारेकऱ्यालाच मोडून टाकते. मामा सुटतात, खोलीत शिरतात आणि घंटा घणघणते. मग भराभर निरोप तयार होऊ लागतात.

आता हळद. तिचा पिवळा रंग ज्यामुळे येतो ते कर्क्युमिन १८१५ साली व्होगेल आणि पेलेतिए यांनी वेगळं काढलं. शंभर ग्रॅम हळदीत ते साधारण दोन ते पाच ग्रॅमच असतं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर कर्क्युमिन घातलं आणि मग धोक्याची खबर दिली, तेव्हा काय दिसलं? पहारेकरी मोडलाच नाही! मामा व्हरांड्यातच राहिले आणि निरोप कमी झाले.

"मग रोज मूठभर हळद खाऊ या!" असं म्हणणारे हात लगेच वर होणार. थांबा. बशी वेगळी आणि पोट वेगळं. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि जे थोडं आत जातं तेही आपलं यकृत चटकन बदलून टाकतं. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते सापडेना, सापडलं तरी अगदी नाममात्र. मिऱ्यांतलं पिपरीन सोबत दिल्यावर ते वीसपट शोषलं गेलं. पण मुलांनो, नाममात्राची वीसपट म्हणजे किती? गुडघेदुखीच्या काही छोट्या चाचण्यांत आराम पडलेला दिसला आहे. तरीही कर्क्युमिनच्या औषधी गुणांचा पक्का पुरावा अजून मिळालेला नाही, असं अमेरिकेतल्या काही रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ साली सगळा आढावा घेऊन सांगितलं. मला हे प्रामाणिक वाटतं. (हळदीच्या पेटंटवरून १९९७ साली आपण जिंकलेली लढाई पुन्हा कधीतरी सांगेन.)

आता थोडं आई-बाबांसाठी. भाजी-आमटीतली हळद खुशाल खावी. पण हळदीच्या अर्काच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट आहे. इटलीत २०१९ साली अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृतालाच सूज आली होती! म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. आणि मूल धडपडून गुडघा फुटला, तर डब्यातली हळद त्यात भरू नका. तिच्यात धूळ असते, भेसळीचा रंगही असू शकतो. जखम आधी वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. खिळा किंवा पत्रा लागला असेल, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. दोन वाट्या घ्या. एकीत पाणी, दुसरीत आईकडून कोमट करून घेतलेलं गोडं तेल. दोन्हींत चिमूटभर हळद टाकून ढवळा आणि तासभर हलवू नका. रंग कुठे उतरला, गाळ कुठे बसला, ते मला पत्रानं कळवा.